एक डिस्क, दोन सिस्टिम आणि डीफ्रॅगचा प्रश्न

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चे मोफत अपडेट थांबवले आणि डीफ्रॅगचा जुना प्रश्न पुन्हा दारात येऊन उभा राहिला. वरवर पाहता या दोन गोष्टींचा काही संबंध नाही. पण येरवड्यात एक फेरी मारली की तो दिसतो. नदीच्या बाजूला कॉमरझोनसारखे आयटी पार्क आहेत. तिथल्या मोठ्या कंपन्यांत मशीन ठरावीक वर्षांनी बदलतंच, आणि बदललेली मशीनं सेकंडहँड बाजारात येतात. ती पुढे नागपूर चाळ, लक्ष्मीनगर, फुलेनगर या भागांतल्या घरांत, क्लासेसमध्ये, झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानांत, आरटीओजवळ अर्ज भरून देणाऱ्यांच्या टेबलांवर पोचतात. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, तो या जुन्या मशीनांत नसतो. मग विंडोज १० तसंच ठेवून शेजारी उबुंटू किंवा मिंट हे लिनक्स टाकून घेतात. इंजिनिअरिंगच्या मुलांच्या मशीनवर तर हे कधीपासूनच असतं, कारण सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची बरीच प्रॅक्टिकल्स लिनक्सवर करावी लागतात आणि बाकीचं घर विंडोजवर चालतं.

एकदा मशीन स्लो व्हायला लागलं की प्रश्न सुरू होतात. डीफ्रॅग मारायचं का? कुठून मारायचं? विंडोजमधून मारलं तर लिनक्स उडेल का? लिनक्समधून विंडोजचा ड्राइव्ह नीट करता येतो का? उत्तरं भरपूर मिळतात आणि एकमेकांच्या विरुद्ध मिळतात. कुणी सांगतो, महिन्यातून एकदा मारलंच पाहिजे. कुणी सांगतो, डीफ्रॅगचा जमाना गेला. कुणी म्हणतो, लिनक्सला लागतच नाही. यातलं प्रत्येक उत्तर कुठल्या तरी काळात, कुठल्या तरी मशीनवर खरं होतं. माझं म्हणणं एवढंच, की उत्तर मशीन बघून द्यायला हवं, आणि एकाहून जास्त सिस्टिम असलेल्या मशीनवर ‘किती वेळा मारायचं’ यापेक्षा ‘कोणी, कोणत्या भागावर, दुसरी सिस्टिम कशा अवस्थेत असताना’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे. डेटा उडतो तो तिथेच.

आधी हिशेब. फाइल डिस्कवर छोट्या ठोकळ्यांत साठते. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टिममध्ये असा ठोकळा सहसा ४ केबीचा असतो. डिस्क रिकामी असताना ठोकळे सलग मिळतात. फाइली लिहिल्या, पुसल्या, वाढवल्या की मधेमधे भोकं पडतात आणि पुढची मोठी फाइल त्या भोकांत तुकड्यातुकड्यांनी बसते. भरलेल्या एसटीत पाच जणांचं कुटुंब चढावं आणि प्रत्येकाला वेगळ्या बाकावर जागा मिळावी, तसं. हे तुकडे पुन्हा सलग लावणं म्हणजे डीफ्रॅग. फिरत्या हार्ड डिस्कवर याची किंमत मोजता येते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्याला सव्वाआठ मिलिसेकंद लागतात. हवा तो भाग हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, आणि हेड त्या जागी न्यायला साधारण नऊ मिलिसेकंद. म्हणजे प्रत्येक उडीला तेरा मिलिसेकंद. सेकंदाला १०० एमबी वाचणाऱ्या डिस्कवर १ जीबीची सलग फाइल दहा सेकंदांत वाचून होते. तीच फाइल २,००० तुकड्यांत असेल तर वर सव्वीस सेकंद नुसत्या उड्यांत जातात. लॅपटॉपमधल्या ५,४०० फेऱ्यांच्या डिस्कला उडी आणखी महाग पडते. एसएसडीत हेडच नाही. तिथे अशी उडी साधारण एक दशांश मिलिसेकंदाची, आणि दोन हजार तुकड्यांचा फरक सेकंदाचा पाचवा भाग. ‘डीफ्रॅगचा जमाना गेला’ हे वाक्य या दुसऱ्या मशीनबद्दल आहे. फुलेनगरच्या टेबलावरच्या मशीनमध्ये अजून फिरती डिस्क असेल, तर ते वाक्य त्याला लागू नाही.

विंडोजच्या बाजूचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे, कारण आपल्या डोक्यातल्या सवयी तिथून आल्या. फॅट ही पद्धत सत्तरच्या दशकातली, फ्लॉपीसाठी बेतलेली. तुकडे पडू नयेत याची काळजी तिच्या रचनेत जवळपास नव्हती. त्यामुळे वेगळं साधन लागलं. पीटर नॉर्टनच्या संचातलं स्पीड डिस्क त्यासाठी गाजलं, आणि १९९३च्या एमएस-डॉस ६मध्ये आलेलं डीफ्रॅग मायक्रोसॉफ्टने, नॉर्टनचा संच ज्यांच्याकडे गेला होता त्या सिमँटेककडूनच घेतलं होतं. विंडोज ९८मधले रंगीत चौकोन अनेकांनी तासन् तास पाहिले असतील. मधेच एखाद्या प्रोग्रॅमने डिस्कवर काही लिहिलं की काम पहिल्यापासून सुरू व्हायचं, म्हणून स्क्रीनसेव्हरसुद्धा बंद करून बसावं लागे. विंडोज एनटी १९९३मध्ये एनटीएफएस घेऊन आलं तेव्हा या नव्या पद्धतीला डीफ्रॅग लागणारच नाही असा समज होता. एनटी ४पर्यंत सोबत साधनही दिलं जात नव्हतं. विंडोज २०००मध्ये डिस्ककीपर या बाहेरच्या डीफ्रॅग साधनाची छोटी आवृत्ती घालावी लागली, यातच काय ते आलं.

खरा बदल विंडोज व्हिस्टाने केला. चौकोन गेले, काम आपोआप आठवड्याला बुधवारी रात्री एक वाजता होऊ लागलं, आणि ६४ एमबी किंवा त्याहून मोठे तुकडे जोडायचेच नाहीत असं ठरलं. लोकांना हे पटलं नाही, पण वरचा हिशेब लावून पाहा. ६४ एमबी वाचायला ६४० मिलिसेकंद, त्यापुढच्या उडीला तेरा. दोन टक्के. त्यासाठी रात्रभर डिस्क घासण्यात अर्थ नव्हता. हा निर्णय बरोबर होता असं मला वाटतं, आणि बाहेरची ‘शंभर टक्के सलग’ करून देणारी विकतची साधनं तेव्हापासून बहुतेकांसाठी निरुपयोगी ठरली.

ड्युअल बूटवाल्यांसाठी, म्हणजे एकाच मशीनवर दोन सिस्टिम ठेवणाऱ्यांसाठी, मात्र यात एक खाच आहे. आपोआप होणारं काम मशीन चालू आणि रिकामं असताना होतं. जो विद्यार्थी दिवसभर लिनक्समध्ये असतो आणि आठवड्यात तासभर एखाद्या सॉफ्टवेअरसाठी विंडोजमध्ये जातो, त्याच्या विंडोजला ती रिकामी वेळ मिळतच नाही. आल्याआल्या अपडेट, अँटिव्हायरस, आणि मग पुन्हा लिनक्स. ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ उघडून ‘लास्ट रन’चा रकाना पाहिला की कित्येक महिन्यांपूर्वीची तारीख दिसते. अशा मशीनवर हाताने मारायलाच हवं.

आता लिनक्सची बाजू. ‘लिनक्सला लागत नाही’ या वाक्याचं मूळ बर्कले विद्यापीठात आहे. तिथे मॅकक्युसिक, बिल जॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४मध्ये एका नव्या फाइल सिस्टिमचं वर्णन प्रसिद्ध केलं. डिस्कचे गट पाडायचे, एका फोल्डरच्या फाइली एकाच गटात ठेवायच्या, आणि दहा टक्के जागा कायम रिकामी राखायची. जागा हाताशी असली की सलग जागा सापडते, एवढंच तत्त्व. लिनक्सच्या एक्स्ट२ने १९९३मध्ये तेच उचललं. २००८च्या शेवटी लिनक्सच्या २.६.२८ आवृत्तीत पक्की झालेली एक्स्ट४ त्याच्या पुढे गेली. ती डिस्कवर जागा ठरवण्याची घाई करत नाही. लिहायचं किती आहे हे कळेपर्यंत थांबते आणि मग एकदम मोठा सलग पट्टा घेते. असा एक पट्टा १२८ एमबीपर्यंत जाऊ शकतो.

पण हे सगळं मोकळ्या जागेच्या भरवशावर आहे. ड्युअल बूट करताना लिनक्सला किती जागा मिळते? पाचशे जीबीतली चाळीस, पन्नास. त्यात प्रोजेक्ट, डाउनलोड, दोनचार व्हर्च्युअल मशीन. पंच्याण्णव टक्के भरलेल्या एक्स्ट४वर तुकडे पडतात, आणि चांगलेच पडतात. फाइलफ्रॅग या कमांडने एकेका फाइलचे तुकडे मोजता येतात आणि ई४डीफ्रॅगने चालू सिस्टिममध्येच जोडता येतात. पण जोडायलाही सलग मोकळी जागा लागते. म्हणून लिनक्सच्या भागाला जागा देणं हेच तिथलं डीफ्रॅग. बीटीआरएफएस ही लिनक्सची दुसरी फाइल सिस्टिम वापरणाऱ्यांनी वेगळी काळजी घ्यावी. फेडोरा वर्कस्टेशनमध्ये २०२०पासून तीच आपोआप निवडली जाते. तिच्यात स्नॅपशॉट आणि मूळ फाइल डिस्कवरचे ठोकळे वाटून घेतात. डीफ्रॅग केलं की ही वाटणी तुटते आणि तोच डेटा दोनदा जागा खातो. छोट्या पार्टिशनवर स्नॅपशॉट ठेवून डीफ्रॅग मारलं तर डिस्क भरून जाऊ शकते.

या विषयात पुण्याचा हात फक्त वापरणाऱ्याचा नाही. व्हेरिटास या कंपनीचं व्हीएक्सएफएस हे १९९१चं, जर्नल ठेवणाऱ्या पहिल्या व्यापारी फाइल सिस्टिमांपैकी एक. सर्व्हर चालू असताना, लोक काम करत असताना तुकडे जोडण्याची सोय त्यात होती. त्या कंपनीचं मोठं संशोधन केंद्र पुण्यात होतं. फाइल सिस्टिमच्या पोटात हात घालणारी अभियंत्यांची एक पिढी या शहरात तिथे तयार झाली, आणि २००८मध्ये पुण्यात सुरू झालेली ड्रुवा ही बॅकअपची कंपनी व्हेरिटासमधून बाहेर पडलेल्यांनीच काढली. एवढं ज्ञान ज्या शहरात आहे, तिथल्या दुकानात ‘स्लो झालंय ना, फॉरमॅट मारून देतो’ हाच एक उपाय मिळावा याचं वाईट वाटतं.

एका मशीनवर दोन विंडोज, हा प्रकार मराठी डीटीपीत फार दिसायचा आणि अजून पुरता गेलेला नाही. कारण फॉन्ट. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, पेजमेकर, आणि युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत बांधलेल्या शेकडो जुन्या फाइली: लग्नपत्रिकांचे नमुने, वार्षिक अहवाल, दिवाळी अंकांची पानं. ते सगळं विंडोज एक्सपीवर बिनबोभाट चालायचं, म्हणून एक्सपी ठेवायचं आणि ऑनलाइन कामांसाठी शेजारी विंडोज ७ टाकायचं. इथे दोन्ही सिस्टिमांना दोन्ही पार्टिशनं दिसतात. विंडोज ७चं आठवड्याचं डीफ्रॅग एक्सपीचा भागही नीट करतं, आणि ते चांगलंच आहे, कारण एक्सपीमध्ये पूर्ण डीफ्रॅगचं वेळापत्रक नव्हतं. ते फक्त सुरू होताना लागणाऱ्या फाइली अधूनमधून ओळीने लावून ठेवत असे. आणखी एक फायदा असा, की चालू विंडोजमध्ये स्वतःची पेजफाइल हलत नाही, पण दुसऱ्या विंडोजमधून पाहिलं तर ती एक साधी फाइल असते. मार्क रुसिनोविच यांचं काँटिग हे छोटं साधन अशी एकच फाइल नाव देऊन सलग करतं.

तोटा उलट्या बाजूने आहे. एक्सपी सुरू झालं की त्याला दिसणाऱ्या व्हिस्टाच्या किंवा विंडोज ७च्या पार्टिशनवरचे रिस्टोअर पॉइंट जातात. नव्या विंडोजची ती नोंद जुन्याला वाचता येत नाही, आणि ते पुसून टाकतं. मायक्रोसॉफ्टने हे स्वतः नोंदवलेलं आहे. म्हणजे रात्री पत्रिका लावायला एक्सपीत गेलेला माणूस सकाळी विंडोज ७ बिघडल्यावर मागे जाऊ शकत नाही. याचा दोष डीफ्रॅगला दिला जातो, कारण ‘काल डीफ्रॅग मारलं होतं’ एवढंच आठवत असतं. एक्सपीपासून ती पार्टिशन लपवून ठेवणं हा त्यावरचा उपाय.

विंडोजशेजारी लिनक्स, हा आजचा मुख्य प्रकार. त्यात डीफ्रॅगचा संबंध पहिल्याच दिवशी येतो, जागा काढताना. सी ड्राइव्ह ४६० जीबीचा, त्यात भरलेले फक्त ११०, तरी डिस्क मॅनेजमेंटमधलं ‘श्रिंक’ वीसेक जीबीच द्यायला तयार. हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की अनेकजण तिथेच वैतागून अख्खी डिस्क पुसतात. कारण असं, की पार्टिशन शेवटाकडून कापली जाते आणि शेवटाकडे एखादी न हलणारी फाइल बसलेली असते. पेजफाइल, हायबरनेशनची फाइल, रिस्टोअर पॉइंटांचा साठा, किंवा एनटीएफएसची स्वतःची नोंदवही. कोणती फाइल आडवी आली हे विंडोज सांगतं: इव्हेंट व्ह्यूअरमध्ये अ‍ॅप्लिकेशनच्या नोंदींत २५९ क्रमांकाची नोंद पाहावी. मग हायबरनेशन बंद, सिस्टिम रिस्टोअर तात्पुरतं बंद, पेजफाइल तात्पुरती बंद, रिस्टार्ट, मोकळी जागा एकत्र करणारं डीफ्रॅग, आणि पुन्हा श्रिंक. बहुतेक वेळा जागा निघते. जागा निघाल्यावर पेजफाइल आणि रिस्टोअर परत चालू करायला विसरू नये. लिनक्सचं जीपार्टेड हेच काम बाहेरून करू शकतं, तरी विंडोजचा भाग विंडोजनेच कापावा हे माझं ठाम मत आहे. मॅकवरही अडचण हीच होती: बूट कँपने विंडोजसाठी जागा काढताना ‘काही फाइली हलवता येत नाहीत’ असा संदेश येऊन काम थांबायचं आणि सगळी डिस्क बॅकअप घेऊन नव्याने बांधावी लागायची.

जागा काढून दोन्ही सिस्टिम बसल्या, की विंडोजला लिनक्सचा भाग वाचता येत नाही. डीफ्रॅगच्या यादीत तो येत नाही, त्यामुळे विंडोजच्या डीफ्रॅगने लिनक्स उडत नाही. उडतं ते दुसऱ्या कारणाने. त्या भागाला कधी चुकून ड्राइव्हचं अक्षर लागलं, तर विंडोज त्याला ओळखत नाही आणि ‘वापरण्याआधी फॉरमॅट करा’ असं सुचवतं. तिथे ‘हो’ म्हटलं की संपलं. लिनक्सला उलट एनटीएफएस वाचता-लिहिता येतं. एनटीएफएस-३जी २००७पासून पक्कं आहे, आणि २०२१मध्ये ५.१५ आवृत्तीपासून पॅरागॉनचा ड्रायव्हर थेट कर्नेलमध्ये आला. पण लिनक्समध्ये एनटीएफएससाठी भरवशाचं डीफ्रॅग नाही. म्हणजे दोघांनी मिळून वापरलेल्या डेटाच्या पार्टिशनवर पसारा दोघे करतात आणि आवरण्याचं साधन एकाकडेच असतं.

इथे सगळ्यात धोक्याची जागा येते. विंडोज ८पासून, म्हणजे २०१२पासून, ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. स्टार्ट मेनूतून ‘शट डाउन’ केलं की मशीन पूर्ण बंद होत नाही. वापरणाऱ्याचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा हायबरनेशनच्या फाइलमध्ये जसाच्या तसा उतरवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तिथून उचलला जातो. त्या गाभ्यात डिस्कवर काय कुठे आहे याचा नकाशाही असतो. आता त्याच मशीनवर लिनक्स सुरू केलं आणि विंडोजच्या पार्टिशनवर चार फाइली लिहिल्या, तर विंडोज जागं झाल्यावर जुना नकाशा धरून काम करतं. नव्या फाइली गायब होतात, जुन्यांवर भलतंच लिहिलं जातं. उलटही तेवढंच वाईट: लिनक्स हायबरनेट करून विंडोजमध्ये गेलात आणि तिथे सामायिक पार्टिशनचं डीफ्रॅग झालं, तर हजारो ठोकळ्यांच्या जागा बदललेल्या असतात आणि झोपेतून उठलेल्या लिनक्सला त्यातलं काहीच माहीत नसतं. डीफ्रॅग एरवी सुरक्षित काम आहे. एनटीएफएसवर प्रत्येक हालचालीची नोंद होते, मधेच वीज गेली तरी सहसा निभावतं. पण कुणीतरी अर्धवट झोपलेलं असताना केलेलं डीफ्रॅग हे डिस्क नासवण्याचं काम आहे.

एनटीएफएस-३जी अशा वेळी पार्टिशनवर लिहायला नकार देतं आणि ‘विंडोज हायबरनेट झालेलं आहे’ असं स्पष्ट सांगतं. तो नकार मोडून काढायच्या कमांडी कुठेही मिळतात. त्या वापरू नयेत. विंडोजमध्ये परत जाऊन ते नीट बंद करावं. त्यात एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण ती सवयीच्या उलट आहे: ‘शट डाउन’ने विंडोज झोपतं आणि ‘रिस्टार्ट’ने खरोखर बंद होतं. म्हणून विंडोजमधून लिनक्समध्ये जायचं असेल तेव्हा रिस्टार्ट करून मेनूत लिनक्स निवडावं. कायमचा उपाय म्हणजे कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये फास्ट स्टार्टअपची खूण काढून टाकणं. ड्युअल बूट करून देणाऱ्या प्रत्येक दुकानदाराने ती काढूनच मशीन गिऱ्हाइकाच्या हातात द्यावं.

डीफ्रॅगने बूटलोडर, म्हणजे मशीन सुरू होताना सिस्टिम उचलणारा प्रोग्रॅम, मोडण्याची भीती मात्र आता जुनी झाली. लिलो हा जुना बूटलोडर कर्नेल डिस्कवर नेमका कुठे आहे त्या जागांचे आकडे लिहून ठेवायचा. कर्नेलची फाइल हलली की लिलो परत चालवावा लागे, नाहीतर मशीन सुरूच होत नसे. त्याच्या जागी आलेला ग्रब फाइल नावाने शोधतो. पार्टिशनच्या तोंडाशी ग्रब बसवला तर तोही जागांच्या आकड्यांवर येतो आणि तसा इशाराही देतो, पण हल्लीच्या यूईएफआय मशीनवर तो प्रसंग येत नाही.

वूबीची आठवण इथे काढायलाच हवी. २००८मध्ये उबुंटू ८.०४सोबत आलेल्या या साधनाने लिनक्स एखाद्या विंडोज प्रोग्रॅमसारखं बसायचं. पार्टिशन नाही, काही नाही. सी ड्राइव्हवर रूट.डिस्क नावाची एक मोठी फाइल, आणि अख्खं उबुंटू तिच्या आत. पार्टिशनला घाबरणाऱ्या कितीतरी मुलांनी पहिलं लिनक्स असंच पाहिलं. भरलेल्या सी ड्राइव्हवर ती फाइल सुरुवातीलाच तुकड्यांत बसायची. आतल्या उबुंटूच्या हिशेबाने सगळं सलग असायचं, कारण त्याला त्या फाइलच्या बाहेरचं दिसत नव्हतं. लिनक्समध्ये कितीही शोधलं तरी संथपणाचं कारण सापडत नसे. ते विंडोजच्या बाजूला होतं, आणि बरंही विंडोजच्या डीफ्रॅगनेच व्हायचं. वूबी १३.०४पासून बंद झालं.

पण तो गुंता गेला नाही, उलट नेहमीचा झाला. आज आयटी पार्कातले बरेच डेव्हलपर दोन सिस्टिम वापरतात त्या आळीपाळीने नाही, एकात एक: व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर, किंवा विंडोजमधलं डब्ल्यूएसएल २. डब्ल्यूएसएल २चं सगळं लिनक्स एका व्हीएचडीएक्स फाइलमध्ये असतं, आत एक्स्ट४ आणि बाहेर एनटीएफएस. ही फाइल गरजेनुसार वाढते, म्हणजे थोडीथोडी वाढते, म्हणजे फिरत्या डिस्कवर तुकड्यांत वाढते. आतून फाइली पुसल्या तरी ती सहसा आपोआप आकसत नाही. अशा ठिकाणी क्रम महत्त्वाचा. आधी आतला नको तो पसारा काढायचा, मग आतली सिस्टिम पूर्ण थांबवून बाहेरून फाइल आकसायची, आणि शेवटी बाहेरचं डीफ्रॅग. उलट्या क्रमाने केलेलं काम वाया जातं. फिरत्या डिस्कवर व्हर्च्युअल मशीन चालवायचंच असेल तर डिस्कचा पूर्ण आकार सुरुवातीलाच राखून ठेवणारा पर्याय निवडावा.

एसएसडी आली की प्रश्नाचं रूप बदलतं. तिथे डीफ्रॅगचा फायदा नगण्य आणि प्रत्येक लिखाणाने फ्लॅशचं आयुष्य थोडं कमी होतं. तिला हवं असतं ट्रिम, म्हणजे ‘हे ठोकळे आता रिकामे आहेत’ ही खबर. विंडोज ८पासून त्याच जुन्या खिडकीचं नाव ‘ऑप्टिमाइझ’ झालं आणि एसएसडी दिसली की ती डीफ्रॅगऐवजी ट्रिम करते. पण पूर्णपणे तसं नाही: मायक्रोसॉफ्टमधल्या स्कॉट हॅन्सेलमन यांनी २०१४मध्ये तिथल्याच स्टोरेज टीमकडून खुलासा घेऊन लिहिलं, की सिस्टिम रिस्टोअर चालू असेल तर विंडोज एसएसडीचंही साधारण महिन्याला एकदा डीफ्रॅग करतं. फाइलीचे तुकडे किती असू शकतात याला फाइल सिस्टिमची मर्यादा असते, ती गाठली जाऊ नये म्हणून. घाबरण्यासारखं त्यात नाही. २०२०च्या विंडोज १०मध्ये मात्र खरी चूक होती: शेवटचं ऑप्टिमाइझ कधी झालं हे सिस्टिम विसरायची आणि पुन्हा पुन्हा करायची. सप्टेंबरात ती दुरुस्त झाली.

दोन सिस्टिमांच्या मशीनवर ट्रिमचीही हद्द ठरलेली आहे. विंडोज लिनक्सच्या भागाचं ट्रिम करत नाही. उबुंटूसारख्या लिनक्समध्ये आठवड्याला होणारं ट्रिम स्वतःच्या ठरलेल्या पार्टिशनांपुरतं असतं. एखादी सिस्टिम महिनोन् महिने उघडलीच नाही तर तिच्या भागातले पुसलेले ठोकळे एसएसडीला भरलेलेच वाटतात. अधूनमधून दोन्हीकडे जाऊन यावं, एवढं पुरे.

राहिली ती जुनी मशीनं. वापरलेली डिस्क घेतली असेल तर डीफ्रॅगच्या आधी तिची तब्येत बघावी. विंडोजमध्ये क्रिस्टलडिस्कइन्फो, उबुंटूत ‘डिस्क्स’मधलं स्मार्ट. ‘रीअ‍ॅलोकेटेड’ आणि ‘पेंडिंग’ सेक्टरांचे आकडे शून्य नसतील, आणि विशेषतः वाढत असतील, तर डीफ्रॅग मारू नये. त्यात हेड तासन् तास डिस्कभर फिरतं आणि मरणाला टेकलेली डिस्क त्याच रात्री जाऊ शकते. तिथे एकच काम: डेटा बाहेर काढणं. डिस्क ठणठणीत असेल तर बॅकअप घ्यावा, दोन्ही सिस्टिम रिस्टार्टच्या वाटेने नीट बंद झाल्याची खात्री करावी, आणि विंडोजचा भाग विंडोजमधून आवरावा. सामायिक डेटाची पार्टिशन फारच विस्कटलेली असेल तर माझी पसंती डीफ्रॅगला नाही. सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर कॉपी करावा, उघडून तपासावा, पार्टिशन रिकामी करावी आणि डेटा परत आणावा. फाइली ओळीने लिहिल्या जातात, बहुतेक सलग बसतात, आणि बाहेरच्या डिस्कवर एक प्रत राहते ती वेगळीच.

आणि पैसे साठले की पहिला खर्च छोट्या एसएसडीचा करावा. दोन्ही सिस्टिम तिच्यावर घ्याव्यात. जुनी फिरती डिस्क, चांगली असेल तर, फोटो आणि फाइलींसाठी आत तशीच राहू द्यावी. विंडोज त्या डिस्कचं डीफ्रॅग आणि एसएसडीचं ट्रिम आपापलं ओळखून करतं.